लेखकाचं म्हणणं

लायल हॅस्किन्सने एकतीस पुस्तकं लिहिली होती आणि समीक्षकांनी त्याला एकतीस वेळा एकच विशेषण दिलं होतं: अष्टपैलू. हे विशेषण लेखकाला कधी मिळतं ते लायलला चांगलं ठाऊक होतं. त्याचं कुठलंच पुस्तक नावानिशी आठवत नसलं की मिळतं. घोड्यावरच्या शूर गुराख्यांच्या त्याने सहा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. घोडा जवळ आला की त्याला शिंका यायच्या. नऊ खुनाच्या, दोन युद्धाच्या. पाच प्रेमकथा व्हेरा डेलमार या नावाने. कॅन्सासमधल्या एक विधवाबाई दर नाताळला व्हेराला पत्र लिहून तिच्या कांतीचं रहस्य विचारायच्या. आणि एक कादंबरी वडिलांच्या कोळशाच्या खाणीवर, जिच्यावर त्याने आठ वर्षं घालवली आणि जी चारशे बारा लोकांनी विकत घेतली.

पुस्तकांच्या दुकानांत त्याला नेमकी फळी सापडत नसे. घरातही सापडली नाही. "रोज सकाळी उठतो तो नक्की कोण, हे कळलं असतं तर राहिले असते," एवढं सांगून त्याची बायको बहात्तर साली ऑरेगनला निघून गेली.

उरलेली आठ पुस्तकं लहान मुलांची, ऑर्फा नावाच्या रानहंसिणीची. प्रत्येकात बत्तीस पानं, पानावर दोन-तीन ओळी, बाकी चित्रं. त्यात लायलने कुणाचाही आवाज काढला नव्हता. त्याचा स्वतःचा म्हणून जो काही आवाज होता तो एवढ्याच आठ पुस्तकांत होता, आणि सगळा मिळून वर्तमानपत्राच्या एका पानात मावला असता.

चित्रं ऐली कोस्केलाची. ती डुलुथला, सरोवराच्या काठी, बहिणीबरोबर राहते आणि तिला माणसांपेक्षा पाखरं बरी जमतात, याखेरीज लायलला तिच्याबद्दल बावीस वर्षांत काहीही कळलेलं नव्हतं. दोघं कधी भेटले नव्हते. त्यांच्या धंद्याची रीतच तशी. लेखकाने मजकूर न्यूयॉर्कला संपादकाकडे द्यायचा, संपादकाने तो चित्रकाराकडे धाडायचा, आणि लेखकाने व चित्रकाराने एकमेकांच्या वाटेला जायचं नाही. एरवी लेखक चित्रकाराच्या मानगुटीवर बसतो, असा म्हणे अनुभव आहे. त्यांच्या संपादक मिस ब्रॉकवे ही रीत नुसती पाळत नव्हत्या, तिच्यावर पहारा देत होत्या. लायलने एकदा ऐलीचा पत्ता मागितला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने तिची अंघोळीची वेळ विचारली होती.

सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत मिस ब्रॉकवे वारल्या. त्यांच्या खुर्चीत एक तरुण आला आणि पहिल्याच फोनपासून लायलला लायल म्हणू लागला. त्या उन्हाळ्यात लायलने नववं पुस्तक लिहून पाठवलं. ऑर्फा म्हातारी होते, थवा दक्षिणेला निघतो आणि ती तळ्यावरच राहते. हे शेवटचं होतं. त्याच्यापुरतं तर सगळ्याच पुस्तकांतलं शेवटचं.

सप्टेंबरात फोन आला.

"लायल, जरा वाईट बातमी आहे. मिस कोस्केला नाही म्हणाल्या."

"का?"

"कारण नाही. पोस्टकार्ड आहे. 'नको' एवढंच लिहिलंय, आणि खाली सही. पण तू काळजी करू नकोस. कॅलिफोर्नियाचा एक पोरगा आहे माझ्याकडे, झकास काम करतो. त्याचे पक्षी काळे चष्मे घालतात."

"मरायला टेकलेली हंसीणसुद्धा?"

"ती छटा त्याला जमेल. एक नोव्हेंबरपर्यंत सांग."

लायलने पोस्टकार्डावरचा पत्ता विचारला. तरुणाला रीत कुणी शिकवलेली नव्हती. त्याने तो वाचून दाखवला.

ऑर्फा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, एवढं लायलला पक्कं माहीत होतं. ऐलीला कसं वळवायचं ते माहीत नव्हतं. त्याने गाडी काढली. ओहायोहून डुलुथ दोन दिवसांवर आहे.

दार उघडलं ते बहिणीने, सिल्वीने. सत्तरीची, आडव्या बांध्याची, कोपरापर्यंत पीठ.

"नाव?"

"लायल हॅस्किन्स. मिस कोस्केलांना भेटायला..."

सिल्वीने मान वळवून आत हाक दिली, "ऐली, काळेपाय आलाय!"

आतून एक घोगरा आवाज आला. "पायपुसण्यावर पाय पुसायला सांग त्याला."

ऐली स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती, एप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून. ती उठली नाही, हात पुढे केला नाही. खुनाच्या नऊ कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला खिशातले हात लगेच दिसतात. अर्थ चुकीचा लागतो, एवढंच. ही रागावली आहे, असं लायलने ठरवून टाकलं.

सिल्वीने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला आणि स्वतःही बसली. तिथून हलायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"तुम्ही नको का म्हणालात, ते विचारायला आलोय," लायल म्हणाला.

"सिल्वी, डबा आण."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. आत चिठ्ठ्या होत्या, मिस ब्रॉकवेंच्या टाइपरायटरवर टंकलेल्या.

"वाचा," ऐली म्हणाली. "मोठ्याने."

"'लेखकाचं म्हणणं: रानहंसाचे पाय नारिंगी नसतात, काळे असतात.'"

"पुढे."

"'लेखकाचं म्हणणं: पाववाल्या बाई फार जाड झाल्या आहेत.' 'लेखकाचं म्हणणं: पान अकरावर तळं गोठलेलं हवं.' 'लेखकाचं म्हणणं: कुत्रा नको.'"

"कुत्रा चांगला होता," सिल्वी म्हणाली. "आमचाच होता."

"एकोणीस आहेत," ऐली म्हणाली. "बावीस वर्षं, आठ पुस्तकं, एकोणीस चिठ्ठ्या. एकीत तरी बरा शब्द असला तर दाखवा, मिस्टर हॅस्किन्स."

लायलने सगळ्या चाळल्या. एकीतही नव्हता.

"मी दर पुस्तकाला दोन-दोन पानं लिहायचो," तो म्हणाला. "दीड पान तुमच्या चित्रांबद्दल. ते गोठलेलं तळं मी जेवणाच्या टेबलासमोर लावलंय, तिथे बसून जेवतो, हेसुद्धा लिहिलं होतं. पायांबद्दलची ओळ आपली अगदी शेवटी."

"मग ते दीड पान कुठे गेलं?"

कुठे गेलं ते लायलला त्या क्षणी कळलं. कौतुकाने चित्रकाराचा हात सैल पडतो, असं मिस ब्रॉकवे जेवताना म्हणायच्या. ते त्याला मार्मिक वाटायचं. त्याने ते एका कादंबरीत वापरलंही होतं.

"त्यांनी पुढे धाडलंच नाही."

"मेलेल्या बाईवर ढकला," सिल्वी म्हणाली. "ती काय उठून येतेय."

"मी खरं सांगतोय, बाई."

"वाटतंयच खरं! तीच तर पंचाईत आहे. तुमच्या कादंबरीतला तो दंतवैद्य बायकोला मारतो आणि पोलिसांपुढे ढसाढसा रडतो. मी पण रडले त्याच्यासोबत, या इथे, याच खुर्चीत. आणि शेवटच्या पानावर काय? मेला सगळं नाटक करत होता."

"तुम्हाला कुठलाही आवाज काढता येतो," ऐली शांतपणे म्हणाली. "पश्चात्तापाचाही येत असणार."

एकतीस पुस्तकं लिहून कमावलेलं नाव शेवटी असं कामाला आलं होतं.

"मीही एकदा विचारलं होतं," ऐली म्हणाली. "चौथ्या पुस्तकाच्या वेळी. ऑर्फाला आई होती का? ते माहीत असतं तर मी तिची मान वेगळी काढली असती. उत्तर आलं नाही."

"माझ्यापर्यंत प्रश्नच आला नाही."

"होती का?"

"नव्हती. माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. आई असलेलं लेकरू कसं वागतं ते मला लिहिता येत नाही."

हे खरं होतं. पण सिल्वीने भुवई उचलली, आणि हेही किती सफाईने जमलं, असं लायलला स्वतःलाच वाटून गेलं.

ऐली खिडकीबाहेर बघत राहिली. सरोवरावर मालवाहू जहाज हलत नसल्यासारखं चाललं होतं.

"कौतुक कुणालाही रचता येतं," ती म्हणाली. "मला माझी एक चूक सांगा. या डब्यात नसलेली."

लायलला आठवावं लागलं नाही. सांगावं का, एवढाच प्रश्न होता.

"तिसरं पुस्तक. शेवटून दुसरं पान. पाववाल्या बाई खिडकीशी उभ्या आहेत, डावा हात काचेवर. त्या हाताला सहा बोटं आहेत."

सिल्वी उठली, पुस्तक घेऊन आली. तिने पिठाचं बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"अंगठा धरून सहा," ती म्हणाली. "अगं ऐली, अठरा वर्षं झाली याला!"

"कळवलं का नाहीत?" ऐलीने विचारलं.

"तेव्हा जाडीबद्दल आधीच कळवून बसलो होतो. आणि तो हात काचेवर इतका एकटा दिसत होता, की म्हटलं राहू दे. एक बोट जास्त असलं तर तेवढीच त्याला सोबत."

ऐली त्या पानावर वाकली. मग म्हणाली, "इतकं बघत होतात." तो प्रश्न नव्हता.

"मग हे शेवटचं काढाल?"

ऐलीने एप्रनच्या खिशातून हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. कपबशीतला चमचा वाजायला लागला. पावाचे कण टेबलावर सरकू लागले. सिल्वीने न बघता चमचा उचलून बाजूला ठेवला, रोजची सवय असल्यासारखं.

"दोन वर्षं झाली," ऐली म्हणाली. "डबा नसता तरी नको म्हणावंच लागलं असतं. डबा होता म्हणून म्हणायला बरं वाटलं."

अशा वेळी माणूस काय करतो ते लायलने पुष्कळदा लिहिलं होतं. गुराखी टोपी काढतो. व्हेराचा डॉक्टर तिचे हात हातात घेतो. लेफ्टनंट एक तुटक वाक्य बोलतो आणि सिगारेट पेटवतो. लायल नुसता बसून राहिला. कॉफी गार झाली.

"आणलंय का?" ऐलीने विचारलं. "न्यूयॉर्कहून आलेलं मी वाचलं नव्हतं. रागाने."

त्याने कोटाच्या खिशातून कागद काढले आणि वाचलं, "'एका थंड सकाळी, तळ्यावर धुकं असताना, ऑर्फाला जाग आली आणि तिचे पंख दुखत होते.'"

तिने डोळे मिटले. "धुकं कशाला? ते मी दाखवलं असतं. खोडा."

त्याने पेन्सिल घेतली आणि खोडलं.

"'थंड'ही नको. मान पिसांत खुपसलेली असली की थंडी कळते. आणि उजेड डावीकडून, आडवा. म्हणजे सकाळ झालीच."

"'ऑर्फाला जाग आली आणि तिचे पंख दुखत होते.'"

"दुखणं असू दे. त्याचं चित्र होत नाही."

असं पानामागून पान. कुठे लव्हाळं असेल, कुठे पाण्यात सावली, थवा कुठल्या कोपऱ्यातून वर जाईल, ती सांगत होती, आणि तिने सांगितलं ते ते लायल मजकुरातून खोडत होता. एकदाही त्याने हुज्जत घातली नाही. चौदाव्या पानावर त्याने वाचलं, "'थवा निघून गेला. आकाश रिकामं झालं.'"

"दोन्ही खोडा."

"मग काहीच उरत नाही."

"नकोच काही. शब्द असला की कुणीतरी बोलतंय असं वाटतं. तिथे कुणी नाहीये."

सिल्वीला राहवेना. "अहो, चित्रं येणारच नाहीत तर शब्द कशाला कापताय? हे असलं छापणार कोण?"

"कुणी नाही," लायल म्हणाला, आणि पंधरावं पान वर घेतलं.

सिल्वीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कॉफीचं भांडं उचलून ती मोरीकडे गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

सतरावं पान चालू असताना ऐलीला खुर्चीतच झोप लागली. दुपारचे तीन वाजले होते. लायलने थोडा वेळ वाट पाहिली. मग अठरावं पान पुढे ओढून, इथे तिने काय काढलं असतं, याचा विचार करत तो खोडायला लागला. बत्तिसाव्या पानावर तीन शब्द उरले. त्यांचं चित्र झालं असतं की नाही, हे त्याला ठरवता येईना. पेन्सिल खाली ठेवून, ती जागी होईल तेव्हा विचारू, म्हणून तो बसून राहिला.

झोपेत तिचे हात अगदी स्थिर होते.