मांडीचं माप

नवऱ्याला मी लग्नापासून मास्तरच म्हणते. कापड बेतायचं त्यांनी, शिवायचं मी. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून कमरेचं माप सांगायचे. ते बरोबरही निघायचं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या पाठीवर, दंडांवर पाण्याने टरटरलेले फोड उठायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराची राखणदारीच उलटली आहे, स्वतःच्या कातडीवर चालून गेली आहे. गोळ्यांनी फोड आटोक्यात आले. पण कातडी नाजूक होईल, डाग पडतील, असंही त्यांनी बजावलं होतं. म्हणून हातांवर काळेनिळे डाग दिसले तेव्हा मी म्हटलं, हे गोळ्यांचंच. महिनाभर कुणाला काही बोलले नाही, एवढी मी शहाणी. मग तपासणीसाठी रक्त काढलं आणि सुईची जागा संध्याकाळपर्यंत वाहत राहिली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीच राखणदारी आता रक्त गोठवणाऱ्या घटकावरही उठली होती. दुसऱ्या दिवशी, कुठे काही न लागता, डावी मांडी आतल्या आत रक्ताने भरू लागली.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. माझ्या पर्समधला टेप बघून डॉक्टरीणबाईंनी मांडीवर पेनाने खूण केली आणि दर तासाला तिथलं माप घ्यायला सांगितलं. तुमच्याइतकं अचूक कोण घेणार, म्हणाल्या. वाढलं तर लगेच कळवा. वाढलं तर काय, असं मी विचारलं. फारच ताण आला तर मांडी उघडावी लागेल, आणि या अवस्थेत चिरलं तर रक्त थांबेल याची खात्री नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी तेवढंच ऐकलं. लगेच कळवा, हे माझ्या कानांवरून गेलं.

सकाळी नऊला साडेएकवीस इंच. दहाला साडेएकवीस. अकराला, बाराला तेच. नर्स आकडा लिहून घ्यायची आणि निघून जायची.

एकला टेप गुंडाळला तसे मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "ढिला सोड."

"ढिलाच आहे."

"तीस वर्षं बघतोय तुझा हात. सकाळपासून आवळतेयस तू."

मी टेप काढला. मांडीवर टेपाच्या रुंदीची जांभळी पट्टी उमटली होती. कळलंच नाही, असं म्हणायची मला सोय नाही. दहाला आकडा बावीसवर गेला होता आणि मी टेप जरासा ओढला होता. मग दर तासाला आणखी जरासा. भीतीने माझं डोकं चालेनासं झालं होतं. आकडा वाढला नाही तर मांडीही वाढणार नाही, असं मला खरंच वाटत होतं.

"गिऱ्हाइकाला आवडेल ते माप घ्यायचं नसतं," ते म्हणाले. "असेल ते घ्यायचं. घे."

घेतलं. चोवीस.

मी धावत गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. याहून जोराचं औषध दुसऱ्या शहरातून मागवावं लागायचं, त्याला चार तास लागायचे. मी दहाला बोलले असते तर ते एव्हाना पोचत आलं असतं. त्यांनी फोन लावला. मग खाटेपाशी येऊन मला शिकवलं: दर दहा मिनिटांनी पायाचा अंगठा दाबायचा, कळतंय का विचारायचं. कळेनासं झालं तर औषधाची वाट बघता येणार नाही, मांडी उघडावी लागेल.

मास्तर हे सगळं ऐकत होते.

पहिल्यांदा दाबला, कळलं. दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी थोडा वेळ घेतला, पण कळलं. चौथ्यांदा मी खाली वाकले. पावलावर नवा फोड आला होता, त्याला धक्का लागू नये म्हणून मी थबकले.

"कळतंय," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

मी अजून हात लावलाच नव्हता.

मग मी अंगठा धरला आणि दाबला. जोरात दाबला. ते गप्प पडून होते, पुढच्या दाबाची वाट बघत. मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं, आणि त्यांना दोन सणसणीत शिव्याही द्यायच्या होत्या.

"असेल तेच माप द्यायचं ना, मास्तर?" मी म्हटलं, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला उठले.