कडूबाईचं पेव

माझ्या सासऱ्यांना सरळ चालता येत नाय. पाय धड आहेत, गुडघे माझ्यापेक्षा बरे, पण आमच्या लॉजपासून पाण्यापर्यंत वीस मिनिटांची वाट, ती चालायला त्यांना तास लागतो. वैताग नुसता.

लॉज म्हणजे गंगापूरकडच्या आमच्या शेतातल्या चार खोल्या, समोर नाथसागराचं पाणी. पाटीवर मी हौसेनं लिहिलं, 'पाण्यापासून पन्नास पावलं'. दिवाळीत ते खरं होतं. मार्चपर्यंत पाणी हटत हटत अर्धा कोस लांब गेलं. रोज सकाळी दिवा लावताना मी देवाला सांगायचे, बाबा, पाणी हटू देऊ नको. देवानं काय ऐकलं नाय.

मधे उघडा पडला तो गाळ, आणि त्या गाळात आमचं जुनं गाव. धरणात गेलेलं. सासरे अप्पाराव, आम्ही आबा म्हणतो, तेव्हा अठरा वर्षांचे होते. पाहुण्यांना सकाळी काठानं फिरवून पक्षी दाखवायचं काम त्यांचं. पण आबा त्यांना गावातून नेतात, नसलेल्या गावातून. एक भिंत शिल्लक नाय, तरी हे डावीकडं वळणार, वीस पावलांवर उजवीकडं, मारुतीच्या पाराचे चार दगड उरलेत तिथं सगळ्यांना चपला काढायला लावणार. कोणी तिरपं निघालं की, "दुसऱ्याच्या घरात शिरू नका." तोवर पक्षी उडून जातात आणि पाहुणे माझ्याकडं बघतात.

माझा नवरा कृष्णा वाळूजला कंपनीत आहे. त्यानं साफ सांगितलं होतं, उन्हाळ्याआधी कायमचे पाहुणे मिळाले नाय तर खोल्यांना कुलूप, आपण शहरात जाऊ. मला जायचं नव्हतं. तीन वर्षं या खोल्यांपायी मी रक्त आटवलं होतं.

अशात शहरातल्या छावणी भागातल्या सोनिया मॅडम आठ बायका घेऊन मुक्कामाला आल्या. त्या दर रविवारी सहली काढतात. त्यांना पसंत पडलं की दर रविवार आमचा. मी संध्याकाळीच आबांपुढं हात जोडले. "आबा, उद्या मी नेते. तुम्ही आराम करा."

"गल्लीनं ने."

"गल्ली कुठं आहे आबा तिथं?"

"हाय की."

पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी मी पुढं, बायका मागं, नाकासमोर सरळ. आबा राहतात होय घरी? मागून येतच होते, आपली वळणं घेत. "मेघा, गल्लीनं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी वळून म्हणाले, "आबा, गाव संपलं. पन्नास वर्षं झाली. आता तरी सोडा." पाहुण्यांसमोर म्हणाले. आबा जागीच थांबले.

पुढच्या दहा पावलांत माझ्या बाजूनं चालणाऱ्या सोनिया मॅडम गाळात गेल्या. घसरल्या नाय, गेल्याच, कमरेपर्यंत. हलतील तेवढ्या आणखी खाली. मी हात द्यायला धावले, तर आबांनी दंड धरून मला मागं ओढलं. कधी आले तेच कळलं नाय. "थांब. पेव हाय ते." स्वतः गाळात पालथे झोपले, डोक्याचा पटका सोडून त्याचं टोक मॅडमकडं फेकलं आणि बायकांना म्हणाले, "ओढा. घाई नाय."

पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. जुन्या गावात अंगणाअंगणात असे खड्डे होते, दोन पुरुष खोल, आतून दगडानं बांधलेले. भिंती विरघळल्या, पेवं राहिली, वर मऊ गाळ. घट्ट काय उरलं, तर गल्ल्या.

मॅडम बाहेर निघाल्या तेव्हा मला रागच आला. "पेव आहे असं सरळ सांगायचं ना, आबा."

"रोज सांगतो. दुसऱ्याच्या घरात शिरू नका." मग खड्ड्याकडं बघत म्हणाले, "हे कडूबाईचं. पंधरा पोती जवारी मावायची."

मला वाटलं, बोंबललं सगळं. मॅडमनी आंघोळ केली, तीन कप चहा घेतला, आणि म्हणाल्या, "रविवारी चाळीस जणी आणते. पण पुढं आबा पाहिजेत. मी कोणाच्या पेवात पडले ते ज्यांना माहीत आहे, त्यांच्यामागून मी डोळे मिटून चालेन. तू मागं राहा."

त्या गेल्यावर मी आबांमागं निघाले. डावीकडं, उजवीकडं, पाराशी चपला काढल्या. माफी मागायची होती. पाण्याशी पोचल्यावर त्यांनी काल रोवलेली काठी उपटली आणि आजच्या पाण्याच्या कडेला रोवली. रोज रोवतात. मला वाटायचं, पाहुण्यांना खूण म्हणून.

"आबा, आपलं घर कुठलं?"

त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. "अजून आत हाय. आणखी आठ-दहा दिवस हटलं की उंबरा निघंल. औंदा निघंल असं वाटतं."

रोज सकाळी 'पाणी हटू देऊ नको' हे मागणं मी मोठ्यानं मागायचे, आणि आबा शेजारीच बसून चहा प्यायचे.