दुपारी पुसलेला फोटो

“मॅडम, माज्या बालाचा फोटो दाखवा.”

मिताली सलाइनची सुई लावलेला हात छातीशी धरून दारात उभी होती. सकाळी तिला मुलगी झाली, ती पोटातच गेलेली. तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं. “नाय बगायचा मना.” घरच्यांनी बाळ फडक्यात गुंडाळून नेलं, दुपारच्या आत सारसोळ्याला माती देऊन आले. पण अशा आया पुढे कधीतरी विचारतात, म्हणून सिस्टरने कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. तो कॉम्प्युटरवर जपून ठेवायचं काम करिमुन्निसाचं.

नेरूळच्या त्या प्रसूतिगृहात ती एकवीस वर्षं नोंदी ठेवत होती. जन्माच्या कागदात तिच्या हातून कधी काना-मात्रा चुकली नव्हती.

“बस ना, उभी राहू नकोस,” म्हणत तिने फोल्डर उघडला. फोटो नव्हता. रिसायकल बिनमध्येही नव्हता.

मग तिला आठवलं. तीन वाजता ‘जागा संपली’ असं येत होतं, म्हणून तिने त्याच फोल्डरमधले सोनोग्राफीचे जुने फोटो एकदम निवडून कायमचे डिलीट केले होते. त्या ढिगात हाही गेला. कॅमेऱ्यातून तर तो तिने सकाळीच कॉम्प्युटरवर घेऊन पुसला होता.

“खाटेवर जाऊन पड. मी येते,” ती कशीबशी म्हणाली आणि कॉम्प्युटरवाल्या शौनकला फोन लावला. बॅकअप रोज आपोआप होतो, हे त्यानेच सांगितलं होतं.

“बॅकअप रात्री एकला होतो, मॅडम. फोटो टाकला कधी?”

“सकाळी दहाला.”

“आणि उडाला?”

“तीनला.”

“मग बॅकअपने तो बघितलाच नाय,” शौनक हळू आवाजात म्हणाला. “येतो मी, ट्राय करतो.”

तो आला. दीड तास खटपट करून त्याने मान हलवली. “कॅमेरा बिघडला होता, असं सांगा ना.”

करिमुन्निसा वॉर्डात गेली.

“फोटो नाही, मिताली. माझ्याच हातून पुसला गेला.”

मितालीची सासू, चंद्राबाई, ताडकन उठली. “काय बोलतेस बाय? येकच तं व्हता!”

मिताली ओरडली नाही. समोरची बाई कुठल्या भाषेत बोलतेय तेच कळत नसल्यासारखी ती बघत राहिली. मग म्हणाली, “तुमी बगितला?”

“हो.”

“मंग सांगा.”

“केस खूप होते. काळेभोर, कपाळाला चिकटलेले. हनुवटीवर खळी होती.”

“मी तं फडका उघडला पन नाय,” चंद्राबाई पुटपुटली आणि स्टुलावर बसली. “धीर नाय झाला.”

“केवढी व्हती?” मितालीने विचारलं.

करिमुन्निसाने चादरीवर दोन तळवे समोरासमोर उभे धरले. मग नोंदीतली लांबी नीट आठवून अंतर बोटभर कमी केलं.

मितालीने आपला हात उचलला आणि त्या दोन तळव्यांच्या मधे, चादरीवर, अलगद ठेवला.