सगळं तयार आहे

"तयार," स्क्रीनवाला म्हणाला आणि त्याने माइक शेजारी सरकवला. धादांत खोटं. त्याच्या अर्ध्या स्क्रीन अजून आल्याच नव्हत्या, आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

नव्या लॅपटॉपची तारीख साहेबांनी जाहीर केली तेव्हा लॅपटॉप कागदावरही धड उतरला नव्हता. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच. मग तारीख दोनदा पुढे गेली, आणि दोन्ही वेळा "आमचं राहिलंय" असं जो आधी बोलला, त्याचीच खुर्ची गेली. बाकीच्यांनी वाढलेल्या मुदतीत आपापली कामं गुपचूप उरकली आणि वर त्यालाच नावं ठेवली. तेव्हापासून सगळे शहाणे झाले होते. दुसरा कोणीतरी आधी तोंड उघडेल म्हणून जो तो "तयार" म्हणत बसायचा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, या एका विद्येत मात्र कंपनी खरोखर पुढारलेली होती.

माइक बॅटरीवाल्याकडे आला. त्याच्या पलीकडे त्याची बायको बसली होती. तो बॅटरीचा प्रमुख, ती सॉफ्टवेअरची. चाचणीतल्या बॅटरीने गेल्याच आठवड्यात त्याच्या शर्टाची बाही करपवली होती, आणि घरी तो शर्ट तिनेच बाजूला टाकला होता.

"तयार," नवरा म्हणाला.

आता तिची पाळी. तिने होकार दिला की कारखान्याला माल काढायचा हुकूम जाणार होता. लॅपटॉप बंद करून उघडला की कधीकधी माणसाचं साठवलेलं काम पुसून टाकत होता. दुरुस्ती सापडली होती, पण वेळ हवा होता. आणि ही खुर्ची मिळवायला तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून चष्मा पुसत होता.

"नाही," ती म्हणाली. "माझं राहिलंय. हा असा विकला तर लोकांचं काम मातीत जाईल."

मग सगळ्यांचे खांदे सैल पडलेले तिला दिसले. स्क्रीनवाला तर मनापासून पाणी प्यायला. जन्मात कधी जबाबदारी न घेतलेले साहेब त्याच विषयावर बराच वेळ बोलले. नवऱ्याने माइक पुन्हा ओढला आणि म्हणाला, सॉफ्टवेअरसाठी थांबतोच आहोत, तर आम्हीही बॅटरी नजरेखालून घालू. काय तो उदारपणा! संध्याकाळपर्यंत तिची खुर्ची तिच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

गाडीत नवरा शीळ घालत होता. बरं झालं बोललीस, म्हणाला, आम्हाला अजून महिना तरी लागलाच असता. त्याला लाज वाटत असेल म्हणून तिने मुद्दाम वळून पाहिलं. छे, कुठली लाज! स्वारी खुशीत होती.

घरात शिरतात तोच सासूबाईंचा फोन आला. लॅपटॉप बाजारात आला की मुलगा भेटायला येणार होता, म्हणून त्या तारखेकडे डोळे लावून होत्या. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला.

"लांबलं गं आई. आमचं सगळं तयार होतं. हिचंच अडलं."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"सूनबाई आहे का तिथे?"

"आहे, आई," ती म्हणाली.

"त्याचं किती राहिलंय?"

नवरा घाईने सरळ झाला. तिने त्याच्या आधी फोन उचलला.

"महिनाभराचं," ती म्हणाली.

"वाटलंच," सासूबाई म्हणाल्या. "आता तू बस, आणि तुझं काय झालं ते मला नीट सांग."

ती खुर्ची ओढून बसली.