पाण्याच्या पुढे चालणारा रंगराव

“मागे बघूं नका हां!” सीतालक्ष्मी ओरडली, आणि पुलाच्या कठड्यावर बसलेला मीसुद्धा मान वळवता वळवता थांबलो.

खाली कोरड्या कालव्यातून रंगराव काठी टेकत येत होता. चार हातांवर मागे ती, त्याची बायको. आणि तिच्यामागे, कुत्र्यासारखं जमीन हुंगत, धरणातून सुटलेलं जूनचं पहिलं पाणी.

तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे, माझ्या बायकोला माझं सगळंच खोटं वाटतं.

रंगराव जन्मला तेव्हा ताडपत्र वाचणाऱ्या जोशाने सांगितलं होतं: याच्यामागे हजारो चालतील, पण हा मागे वळला की त्यांचा झाला. आम्ही तंजावरची मराठी माणसं. हजारो म्हटलं की आम्हाला राज्यच आठवतं. त्याला पंचायतीला उभा केला. अकरा मतं पडली. त्यात माझं नव्हतं. मग तो कालव्याची दारं उघडायच्या नोकरीला लागला. पहिल्याच वर्षी, नव्या पाण्यापुढे काडीकचरा काढत तो चालला होता आणि सीतालक्ष्मी त्याचा डबा घेऊन मागे होती, तेव्हा तिला कळलं हजारो म्हणजे कोण. ओल्या गाळात तिच्यामागे पावलं उमटत होती. कालव्याने आजवर बुडवून नेलेल्या सगळ्या माणसांची. त्यांना पुढारी हवा होता.

तेव्हापासून दरवर्षी ती मधे चालली. तो विचारायचा, “अगे, आहेस?” ती म्हणायची, “आहें. चला.”

आता दारं बटण दाबून उघडतात, रंगराव निवृत्त झाला, तरी यायचाच. एका वर्षी तापाने आला नाही, तर पाणी तीन दिवस या पुलाशी अडून बसलं आणि खालची शेतं कोरडी राहिली.

यंदा ऊन टळटळीत होतं. पुलाखाली येताच रंगराव म्हणाला, “कृष्णाजी, घरी कॉफी ठेवायला सांग रे.”

“पुढाऱ्यांना साखर किती?” मी वरून विचारलं.

तो हसला. तेवढ्यात मागून हाक आली, “रंगू...”

त्याच्या आईचा आवाज. तिला तीस वर्षांपूर्वी याच कालव्याने नेलं होतं. रंगरावची मान वळायला लागली.

सीतालक्ष्मी धावली. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई ओरडली, “रंगराव, पुढे!” आणि दोन्ही तळव्यांनी तिने त्याला ढकललं. मग पदर खोचून स्वतः वळली.

“त्यांचें काम उरलें आहे अजून. शेतें कोरडीं आहेत. कोणी हवेंच तर मी येतें.”

पाणी थांबलं. शपथेवर सांगतो, पुरुषभर उंच उभं राहिलं. मग तिच्यावर मिटलं.

रंगराव चालतच होता. “अगे, आहेस?”

“आहें. चला.” अगदी त्याच्या पाठीशी. तिथे कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती खाली पापनाशम गावाजवळ सापडली. सगळं उरकल्यावर रंगराव मला म्हणाला, “मला तेव्हांच कळलें होतें रे. वळलों असतों तर तिचें वाया गेलें असतें.”

हल्ली तो बांधावरून बाजारात जातो. वाटेत बाभळीची फांदी आडवी येते. ती हाताने बाजूला करून तो पुढे होतो, आणि मागे न बघता, एक माणूस सावकाश निघून येईल इतका वेळ, धरून ठेवतो.