लांबच्या चेंडूची काठी

मी एक जुनी रेस्ट आहे, मित्रांनो. स्नूकरच्या टेबलावर चेंडू लांब असला, हात पुरेना झाला, की चेंडू मारायचा क्यू टेकवायला घेतात ती पितळी फुलीची काठी. जन्म, बालपण सगळं सांगेन. पण आत्ता नाही. आत्ता सांगलीच्या एका क्लबात शेवटचा डाव चालू आहे.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. राज्य मानांकन स्पर्धा. पहिले आठ खेळाडू मुंबईला जाणार. सात ठरले. आठवा कोण? हळदीच्या पेढीवरचा धनपाल, की माझा मानसिंग?

मानसिंग साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला नाईक. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून सगळे त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. त्याला ते सोसत नाही. आठांत नाव लागलं, की लोक कीव सोडून हेवा करतील, एवढीच त्याची आशा.

धनपाल मात्र मोठ्यानं बोलतो.

"काय नाईक, काठी टेकत टेकत मुंबई गाठणार?"

"गाठू की. तुमी फुडं जाऊन जागा धरा."

आता खिशात घालायला फक्त काळा चेंडू उरला. मानसिंग पाच गुणांनी पुढे, काळ्याचे गुण सात. पाळी धनपालची. मारायचा पांढरा चेंडू लांब आणि धनपाल बुटका. तो टेबलावर आडवा झाला. एक पाय उचलला, दुसऱ्याची टाच सुटली. दोन्ही पाय सुटले की फाऊल, आणि डाव मानसिंगचा. पंच आप्पासो वाकून बघू लागले.

"धनपालशेठ, पाय सुटतोय. काठी घ्या," मानसिंग म्हणाला.

"म्हाताऱ्यांची काठी मला नको. आणि फाऊल झाला तर तुम्हीच जिंकताय की!"

"तुमचा पाय निसटला म्हणून माजं नाव लागलं, तर गाव म्हणंल, बिचाऱ्याला नशिबानं मिळालं. घ्या."

धनपालनं मला उचललं. मला धरायची त्याला सवयच नव्हती. मी डुगडुगले. काळा खिशाच्या तोंडाशी जाऊन थांबला.

मानसिंगची पाळी. चेंडू सोपा दिसतो, पण जोर जास्त झाला तर मागोमाग पांढराही खिशात पडेल, फाऊलचे सात गुण धनपालला मिळतील आणि सगळं जाईल. मानसिंगनं थोट्या कोपरानं मला दाबून धरलं.

तो नेम धरतोय, तोवर माझा जन्म उरकून घेते. शिसवीचं अंग साताऱ्याच्या सुतारानं तासलं, फुली तांबटानं बसवली. साहेबलोकांनी कौतुक केलं. मग तरुण आले, त्यांना माझी लाज वाटे. मी टेबलाखाली पडले, माझ्यावर पाली फिरल्या. एके दिवशी मानसिंगनं गुडघ्यावर बसून मला ओढून काढलं, तेल लावलं. इकडे येताना एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "हिचं अर्धं तिकीट फाडू का?"

टक्.

काळा आत. पांढरा खिशाच्या कडेवर डळमळला... आणि थांबला.

"ए फौजी!" धनपाल एवढ्यानं ओरडला, की आप्पासो दचकले. "मुंबईत हरून आलास तर सांगलीत पाय ठेवू देणार न्हाई!"

मानसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "आनी जिंकून आलो तर?"

"तर लयच जड जाईल मला. उद्या थांब गड्या. हिला धरायचं कसं, ते दाखव आधी."

मित्रांनो, तुमच्याही टेबलाखाली माझी एखादी बहीण पडली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, हातात घ्यायला लाजू नका. लांबचा चेंडू सगळ्यांच्याच वाट्याला येतो.