खोडायचा राहिलेला शब्द

मी एक खोडरबर बोलतोय. हसू नका. पेन्सिलीला सगळे मान देतात, कारण ती लिहिते. मी खोडतो, म्हणून मला कुणी विचारत नाही. पण माणूस काय लिहितो यापेक्षा काय खोडतो हे पाहिलं की तो जास्त कळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

तरुणपणी मी पांढराशुभ्र आणि चांगला जाडजूड होतो. एका नकाशे काढणाऱ्या मुलीने मला विकत घेतलं आणि पत्र्याच्या लांब डब्यात ठेवलं. शेजारी पेन्सिली आणि तिची लाकडी पट्टी. ती ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. हात इतका नेटका की मला दिवसदिवस काम नसायचं. सगळी हत्यारं पुसून, मोजून डब्यात ठेवल्याशिवाय ती खुर्चीवरून उठत नसे.

नकाशांवरच्या सूचना इंग्रजीत असत, म्हणून संध्याकाळी ती एका तरुण सरांच्या वर्गाला जाऊ लागली. सर त्यांच्या खोलीतच शिकवायचे. कडक माणूस, शाईच्या पेनाने लिहिणारा. खोडायची वेळ येईल असं लिहूच नये, असं ते मुलांना बजावत. असं बोलणाऱ्या माणसावर मी खूश असणं शक्यच नव्हतं. पण ती खूश होती, त्याला मी काय करणार?

एका संध्याकाळी वर्ग सुटला. ती सगळ्यांच्या मागे रेंगाळली. सर खिडक्या लावत होते. तिने डबा उघडला, पट्टी बाहेर काढली, सरांच्या टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली हळूच सरकवली आणि डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती शेजारणीची पट्टी मागून काम करत होती आणि उगाच हसत होती.

पुढच्या वर्गात सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: समबडी फरगॉट हर रूलर. कुणीतरी आपली पट्टी विसरलं. मराठीत 'कुणीतरी' म्हटलं की भागतं, बाई की पुरुष कुणी विचारत नाही. इंग्रजीला मात्र पट्टी त्याची की तिची ते सांगावं लागतं. माणूस कोण ते ठाऊक नसेल तर सरळ पुरुष धरायचा, 'हिज' लिहायचं, असा तेव्हाचा नियम होता, आणि सर नियमाचे पक्के. तरी त्या दिवशी त्यांनी 'हर' लिहिलं. एका मुलाने विचारलंच, सर, इथे 'हिज' नको का? सरांचे कान लाल झाले. पुढचं वाक्य घ्या, म्हणाले. ती मान खाली घालून वहीत रेघा मारत बसली होती.

पट्टी परत करायला सर तिच्या घरी गेले आणि यथावकाश जावई झाले. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक काढलं, त्यात ते वाक्य गेलं. शेकडो वाक्यांत 'हिज', एकट्या त्या वाक्यात 'हर'. लोकांना वाटायचं छापखान्याची चूक.

मग लेक झाली. माझ्या एका कोपऱ्यावर तिचे दुधाचे दात उमटलेत. ते दिवस मला फार आठवतात. एकाच टेबलावर आईचा नकाशा, बाबांचे पेपर आणि लेकीची चित्रं, आणि मी मायलेकींच्या ह्या हातातून त्या हातात. मग नकाशे काढणारी आजारी पडली आणि गेली. डबा खणात गेला. मी पिवळा पडलो, कडक झालो.

परवा दुपारी खण उघडला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. लेकीने वाक्यं पेन्सिलीने उतरवून आणली होती आणि 'हिज'च्या जागी सगळ्यांना चालणारा 'देअर' घालत होती. सर तणतणले. जन्मभर ज्यासाठी मुलांचे मार्क कापले तेच आता छापायचं?

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकात नकाशे काढणारासुद्धा पुरुष आहे. आपल्या घरात कोण काढायचं?"

सर म्हणाले, खोड. मी घासला गेलो. अंग दुखलं, पण काम मिळालं. होता होता ते वाक्य आलं. ती 'हर' खोडायला वाकली आणि सरांनी त्या शब्दावर तळहात ठेवला.

"हा राहू दे. ती पट्टी तुझ्या आईची आहे."

"मग 'समबडी' कशाला लिहिलंत?"

"तेव्हा लग्न झालं नव्हतं. भर वर्गात कुणाची ते लिहायची छाती नव्हती."

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा सरांनी मला हातात घेतलं. त्यांनी 'समबडी' खोडला. मी म्हातारा, कागदावर काळपट डाग राहिलाच. त्यावर त्यांनी लिहिलं, माय वाइफ.

लेकीने डोळे पुसले. "पण बाबा, आई तर कधी काही विसरायची नाही."

"तेवढं एकदाच विसरली," सर म्हणाले, "नशीब माझं."

मी आता परत डब्यात आहे, शेंगदाण्याएवढा उरलोय. पट्टी शेजारीच आहे, पण ती मुळातच अबोल. त्या संध्याकाळचा तिसरा साक्षीदार कुणी नाही. वाचकहो, कधी सरांकडे गेलात तर माझा एवढा निरोप द्या. नकाशे काढणारी बाई पट्टी विसरत नसते. सर, मला अजून एकदा हातात घ्या. 'फरगॉट' खोडायचा राहिलाय.